बटण दाबलं की झालं? इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक खरोखर लाइव्ह वाजवायचं कसं

इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक खरोखर लाइव्ह वाजवता येतं का, असं कोल्हापुरात कुणाला विचारलं तर आधी शंकाच पुढे येते. आपल्या डोळ्यांसमोर डीजे म्हणजे ट्रॉलीवर रचलेली डॉल्बी आणि तिच्यामागे लॅपटॉप उघडून बसलेला एक पोरगा. गाणं आधीच बांधलेलं, मिक्स आधीच केलेला. शंका रास्त आहे. २०१२ साली डेडमाउस या कॅनडाच्या नामवंत कलाकारानं स्वतःच जाहीरपणे लिहिलं होतं की मोठ्या मंचावर आम्ही सगळे शेवटी प्लेच दाबतो. त्याला कारणही आहे. तिथे दिवे, पडद्यावरची चित्रं, आतषबाजी हे सगळं बऱ्याचदा संगीताच्या टाइमकोडला, म्हणजे सेकंद-सेकंद मोजणाऱ्या घड्याळी खुणेला, बांधलेलं असतं. मनात आलं म्हणून कलाकारानं आठ बार (चार मात्रांचं एक आवर्तन म्हणजे बार) जास्त वाजवले तर बाकीचं सगळं चुकतं.

माझं उत्तर मात्र स्पष्ट आहे: वाजवता येतं. एक मध्यम लॅपटॉप, एक छोटा कंट्रोलर (लॅपटॉपमधले आवाज हातानं चालवायची पेटी) आणि भरपूर रियाज एवढ्यावर कोल्हापुरात वीस मिनिटांचा खराखुरा लाइव्ह सेट उभा राहतो. तो कसा उभा करायचा ते खाली क्रमानं सांगतो. तुम्ही घरी थोडेफार बीट बनवता, पण लोकांसमोर कधी वाजवलेलं नाही, असं धरून चाललोय.

पायरी १: लाइव्ह कशाला म्हणायचं ते पक्कं करा

खासबागेत कुस्ती बघायला गेलात की थोडा वेळ आखाड्याऐवजी हलगीवाल्याकडे बघा. खडाखडी चालू असते तोवर त्याचा ठेका दमानं चालतो. एकानं पट काढला की त्याच क्षणी काडी जलद होते, मैदान उसळतं, आणि पकड सुटली की ठेका परत खाली येतो. ठेके त्याला आधीपासून येत असतात, त्यातलं नवं काहीच नसतं. पण कुठला ठेका कधी आणि किती वेळ, हे समोरची कुस्ती ठरवते.

मैफलीतही तेच. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते, १८८३ सालापासूनचा देवल क्लब ही संगीतसंस्था या शहरात आहे. गाणं ऐकण्याचा कान इथे नवा नाही. बंदिश शेदोनशे वर्षं जुनी असली म्हणून मैफल लाइव्ह नाही, असं इथे कुणी म्हणत नाही. म्हणजे आधी तयार केलेलं साहित्य असणं हा दोष नव्हे.

तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचारा: आज समोर दुसरे लोक असते, तर माझं वाजवणं वेगळं झालं असतं का? उत्तर ‘हो’ असेल तर तुम्ही लाइव्ह आहात. या कसोटीवर चांगला डीजेसुद्धा बऱ्यापैकी लाइव्ह ठरतो, कारण गर्दी बघून तो पुढचं गाणं निवडतो आणि कधी मिसळायचं ते ठरवतो. मात्र गाण्याच्या आतलं त्याला फारसं बदलता येत नाही. आपल्याला आत शिरायचं आहे.

पायरी २: कोण कसं वाजवतं ते आधी ऐका, बघा

चरणजित सिंग हे मुंबईतले, हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी रोलंडचं टीआर-८०८ ड्रम मशीन, टीबी-३०३ हे बेससाठीचं यंत्र आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर रागांची रेकॉर्ड केली. तेव्हा ती फारशी चालली नाही. २०१० मध्ये पुन्हा प्रकाशित झाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले, कारण त्याच ३०३ च्या आवाजावर शिकागोत उभं राहिलेलं ॲसिड हाउस त्यानंतर काही वर्षांनी आलं होतं. यंत्रावर ठेका आणि बेस फिरत ठेवायचा आणि वरचा राग हातानं वाजवायचा, ही त्यांची वाटणी नवख्या माणसानं जशीच्या तशी उचलावी.

डेट्रॉइटचा जेफ मिल्स टीआर-९०९ या ड्रम मशीनवर लोकांसमोर बोटांनी ठेका बदलत वाजवतो. त्याच्या हातांचे व्हिडिओ शोधून बघा. आणि जर्मनीतल्या हॅम्बुर्गचा मॉयटे (Meute) हा ब्रास बँड बघाच. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ढोल घेऊन ते टेक्नो आणि हाउस वाजवतात. लग्नाच्या वरातीत बँड बघत वाढलेल्या कोल्हापूरकराला त्यात परकं काही वाटणार नाही.

पायरी ३: साहित्य कमी घ्या

लॅपटॉप आठ जीबी रॅमचा असला तरी सुरुवातीला पुरतो. सॉफ्टवेअर म्हणाल तर एबलटन लाइव्ह २००१ मध्ये आलं तेच मुळी मंचावर वाजवण्यासाठी. त्याचं लाइट रूप बऱ्याच कंट्रोलरसोबत फुकट मिळतं. त्यात आठच ट्रॅक असतात आणि ही मर्यादा नवख्याच्या फायद्याची आहे.

कंट्रोलर एकच घ्या: पॅड आणि फिरवायची बटणं दोन्ही असलेला. नोव्हेशन, अकाई यांचे छोटे कंट्रोलर जुन्या बाजारातही बरे मिळतात, फक्त घेताना प्रत्येक पॅड स्वतः दाबून बघा. तिसरी वस्तू ऑडिओ इंटरफेस, म्हणजे लॅपटॉपमधला आवाज स्वच्छ बाहेर काढणारी छोटी पेटी. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून डॉल्बीला आवाज देऊ नका. चार्जर लावला की गुंईऽऽ असा आवाज येतो आणि सगळा सेट त्यात जातो. चौथी वस्तू बंदिस्त कानांचे हेडफोन. बस.

पैसेच नसतील तर लाइव्ह कोडिंग आहे. सोनिक पाय आणि टायडलसायकल्स फुकट उतरवता येतात, स्ट्रुडेल तर थेट ब्राउझरमध्ये चालतं. कोडच्या ओळी लिहायच्या, त्या वाजायला लागतात, आणि वाजत असतानाच बदलायच्या. अशा कार्यक्रमांना अल्गोरेव्ह म्हणतात आणि त्यात वाजवणाऱ्याची स्क्रीन मोठ्या पडद्यावर दाखवतात, म्हणजे काही लपवाछपवी उरत नाही. आपल्या शहरात इंजिनीअरिंग कॉलेजं कमी नाहीत. तिथल्या पोरांनी हा रस्ता जरूर धरावा. हातात वाद्य कधी धरलं नसलं तरी यात अडत नाही.

पायरी ४: एकच रचना, सहा तुकडे, आणि मोकळी जागा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

१२४ ते १२८ च्या टेम्पोवर (म्हणजे मिनिटाला तेवढ्या मात्रा) एक रचना घ्या. तिचे सहा भाग करा: किक (खालचा धप्प ठोका); टाळ्या आणि हायहॅट; बेस; कॉर्ड; वरची धून; आवाजाचे किंवा आसपासचे तुकडे. प्रत्येक भागाचे दोन किंवा तीनच पर्याय ठेवा: एक साधा, एक भरलेला, एक विचित्र. ते पॅडवर मांडा आणि क्लिप (असा एकेक तुकडा) सुरू होण्याची वेळ एका बारवर बांधा, म्हणजे बोट थोडं आधी पडलं तरी तुकडा समेवरच येतो.

आता हिशेब बघा. १२५ च्या टेम्पोला एक बार १.९२ सेकंदांचा. आठ बार म्हणजे सुमारे १५ सेकंद, सोळा बार म्हणजे ३१. नाचणाऱ्याचं शरीर आठ-सोळाच्या घरात बदल अपेक्षित धरतं. म्हणजे दर पंधरा सेकंदांनी तुम्हाला एक निर्णय घ्यायचा आहे: काढायचं, घालायचं, की आहे तसं राहू द्यायचं. ‘राहू द्यायचं’ हाही निर्णय आहे आणि सुरुवातीला तोच सगळ्यात अवघड जातो. हात शिवशिवतात.

आता मुद्द्याचं. घरी बसून या तुकड्यांचा क्रम लावू नका. इंट्रो, ब्रेक, ड्रॉप अशी पट्टी आखून ठेवली की मंचावर तुमच्यासाठी काही उरत नाही. क्रम मोकळा सोडा. त्याशिवाय निदान एक गोष्ट हातानं वाजवायचीच ठेवा: बेसचे चार-पाच सूर पॅडवर, किंवा वरची धून कीबोर्डवर. भूप किंवा शिवरंजनीसारखा पाच सुरांचा राग घेतलात तर कंट्रोलरवर तेवढेच सूर लावून ठेवता येतात. मग भलता सूर लागण्याची भीती राहत नाही आणि लक्ष लयीकडे जातं. रागाचं चलन त्यामुळे आपोआप येत नाही, ते शिकावंच लागेल, पण बोटं मोकळी होतात.

फिरवायच्या बटणांवर तीनच गोष्टी ठेवा: बेसचा फिल्टर, धुनेचा डिले, आणि सगळ्या ठेक्याचा मिळून एक हाय-पास फिल्टर (खालचे जड सूर कापणारा). आठ बटणं आहेत म्हणून आठ इफेक्ट लावणारे पुष्कळ भेटतात. अंधारात, घाम आलेल्या बोटांनी, तीनच सापडतात.

पायरी ५: लॅटन्सी

पॅड दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर म्हणजे लॅटन्सी. लॅपटॉप आवाज थोडा थोडा साठवून पुढे सोडतो, त्या साठ्याला बफर म्हणतात; ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने) बफर ५१२ नमुन्यांचा असेल तर नुसत्या बफरचा उशीर ११.६ मिलिसेकंद, १२८ केला तर २.९. यात इंटरफेसचा आणि ड्रायव्हरचा वेळ वर मिळतो. हातानं ठेका वाजवायचा असेल तर १२८ वर जमवाच. आवाज तुटायला लागला तर जड प्लगइन असलेले ट्रॅक ऑडिओ करून टाका. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा असिओ (उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर वापरा. वायफाय, ब्लूटूथ बंद. ब्लूटूथ हेडफोनवर वाजवायचा विचारही नको.

हवेतही उशीर होतो. आवाज एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे स्पीकर दहा मीटर लांब असेल तर तुमच्या कानापर्यंत यायला २९ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात हात मागे पडतो. म्हणून मैदानात वाजवताना जवळ एक छोटा मॉनिटर मागा, नाहीतर हेडफोनवर वाजवा.

पायरी ६: हलगीवाल्याला सोबत घ्या

ही पायरी सक्तीची नाही, पण कोल्हापुरात राहून ती टाळणं मला पटत नाही. आपल्याकडे प्रत्येक तालमीच्या, मंडळाच्या ओळखीत हलगी, घुमकं (खालच्या आवाजाचं चर्मवाद्य) आणि कैताळ (झांजेसारखं) यांचा संच असतो. गर्दी वाचायची कशी हे त्या माणसांना पुरतं ठाऊक असतं, आणि आपल्याला तेच शिकायचं असतं.

उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये अशी तालीम चालली होती. हलगीवाले मामा आधी दाराशी कागद पेटवून कातडं तापवत बसले. हलगी जाळावर धरायची, टिचकी मारायची, परत धरायची, असं करत आवाज टणक लागल्यावर आत आले. लॅपटॉप १२६ वर चालू होता. थोड्याच वेळात मामा रंगात आले आणि यंत्राच्या पुढे निघून गेले. किक एकीकडे, हलगी एकीकडे. मी थांबवलं.

“मामा, जरा मशीन ऐकत वाजवा की.”

“आणि तुझं मशीन माझं ऐकतंय व्हय?”

लाइव्ह इलेक्ट्रॉनिक संगीताचा सगळा प्रश्न त्या एका वाक्यात आहे. रियाजाची तालमाला (तबल्याचा ठेका वाजवणारं यंत्र) वापरणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव असतो: ती लय सोडत नाही हे खरं, पण ती तुमच्यासाठी थांबतही नाही. तबलजी थांबतो.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, वाजवणाऱ्याच्या एका कानात हेडफोनवर किक द्यायची. सोपा आहे, लय पक्की राहते, पण चढण्याची मजा जाते. दुसरा, यंत्रालाच माणसामागे न्यायचं. टेम्पो एका बटणावर लावा आणि त्याला कमीतकमी-जास्तीतजास्त अशी हद्द घाला, समजा १२० ते १३४. हलगी चढायला लागली की तुम्ही बटण हळूहळू वर घ्यायचं. दोन तालमींत हात बसतो आणि माझ्या मते हाच उपाय सगळ्यात चांगला, कारण त्यात तुम्हाला सतत ऐकावं लागतं. तिसरा, एबलटन लाइव्हच्या अकराव्या आवृत्तीपासून माइकवरच्या ठेक्यामागे टेम्पो आपोआप नेण्याची सोय आहे. कैताळाची खणखण मिसळली की ती गोंधळू शकते, म्हणून तालमीत नीट पारखून घ्या.

टेम्पो हलणार असेल तर ठेका मिडीवर (आवाज नव्हे, तर ‘कुठला सूर कधी’ एवढाच निरोप देणारी भाषा) ठेवा, लांब ऑडिओ क्लिपवर नको. ताणल्यावर ऑडिओचा कडकपणा जातो. बाहेरचं ड्रम मशीन जोडलं असेल तर तेही मिडी क्लॉकवर मागे येतं. १९८३ साली आलेली मिडी प्रत्येक मात्रेला २४ ठोके पाठवते, आणि एवढ्या जुन्या तजविजीवर आजही जगभरचे मंच चालतात.

हलगीच्या बऱ्याच चाली सहाच्या अंगानं झुलतात आणि हाउसची किक सरळ चारची. म्हणून मामांना आधी त्यांची चाल वाजवू द्या, मग हायहॅट तीन-तीनच्या गटांत लावा. किक सरळच राहू द्या. दोन्ही मिळून जो झोल येतो तो तुम्हाला कुठल्याही विकतच्या सॅम्पल पॅकमध्ये मिळणार नाही. लहान जागेत हलगीला माइक लागतच नाही. मैदानात साधा डायनॅमिक माइक वीतभर लांब आणि जरा तिरका धरा. घुमकं असेल तर किकचा खालचा भाग थोडा कापा, नाहीतर दोघांची गुदगुद एकत्र होऊन काहीच कळत नाही.

आणि मानधन आधी ठरवा, रोख द्या, पोस्टरवर नाव आपल्या नावाइतकंच मोठं छापा.

पायरी ७: रियाज

रोज वीस मिनिटं सलग वाजवा, रेकॉर्ड करा, मधे थांबू नका. चुकीचा तुकडा लागला तर तो आठ बार तसाच ठेवा आणि त्यातून वाट काढा. मंचावर हेच करायचं आहे.

मग एका मित्राला समोर बसवा. त्यानं मनाला येईल तेव्हा हात वर करायचा म्हणजे चढवायचं, खाली केला की उतरवायचं, पाठ फिरवली की तुम्ही त्याला परत वळवायचं. पोरखेळ वाटेल, पण स्क्रीनवरून नजर उचलण्याची सवय यानंच लागते. जो माणूस वीस मिनिटं मान खाली घालून वाजवतो त्याला समोरची गर्दी दिसणार कशी?

पायरी ८: कार्यक्रमाचा दिवस

पहिला सेट मिरवणुकीत नको. कॉलेजचं गॅदरिंग, राजारामपुरीतला एखादा ओळखीचा कॅफे, गच्ची अशी जागा बघा. वीस मिनिटंच मागा.

वीज आधी तपासा. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून न्या, इंटरफेसला छोटा यूपीएस लावा. जनरेटरवर बदली होताना बसणारा झटकाही सेट बंद पडायला पुरतो. घुमणारा ५० हर्ट्झचा आवाज येत असेल तर डीआय बॉक्स (इंटरफेस आणि डॉल्बीच्या मधे लावायची छोटी पेटी) लावून त्याचं ग्राउंड लिफ्ट हे बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन मोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात जीव जातो.

डॉल्बीवाल्याशी तासभर आधी बोला. “दादा, सिस्टीम मोनो आहे की स्टिरिओ?” हे पहिलं विचारा. बऱ्याच ठिकाणी मोनोच असते आणि तुमची डावी-उजवीकडे पसरलेली धून तिथे गायब होते, म्हणून घरीच मोनोमध्ये ऐकून घ्या. त्याला तुमची सगळ्यात भरलेली जागा आधी वाजवून दाखवा, म्हणजे तो लेव्हल त्यावर लावेल. मास्टरवर लिमिटर (आवाज ठरावीक हद्दीपुढे जाऊ न देणारा) ठेवा.

उघड्यावर स्पीकर लावायचा तर पोलिसांची लेखी परवानगी लागते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. निवासी भागात आवाजाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. सणासुदीला बारापर्यंतची सूट सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस देऊ शकतं, तुमच्या गॅदरिंगला ती आपोआप लागू होत नाही. कानांचंही बघा: १०० डेसिबलला पंधरा मिनिटं ही सुरक्षिततेची हद्द मानतात. फोमचे इअरप्लग औषधाच्या दुकानात मिळतात, हलगीवाल्यांनाही द्या.

टेबल लोकांकडे तोंड करून लावू नका, तुम्ही बाजूनं दिसाल असं आडवं लावा. लॅपटॉपचं झाकण भिंतीसारखं मधे येऊ देऊ नका. कंट्रोलर पुढे, थोडा कलता, उजेडात. जुना मोबाइल वर टांगून हातांचं चित्र पडद्यावर सोडलं तर फारच उत्तम. लोकांना हात दिसले आणि हात हलल्यावर आवाज बदलतो हे कळलं की पाच मिनिटांत शंका मिटते, आणि पुढची पंधरा मिनिटं ते तुम्हाला खेळवायला लागतात: ओरडून, टाळ्या देऊन, कधी नुसतेच उभे राहून. नुसते उभे राहिले तर घाबरून सगळे तुकडे एकदम घालू नका. किक सोडून सगळं काढा, सोळा बार तसंच ठेवा, मग बेस हातानं आणा.

सेट संपला की फाइल तारीख घालून वेगळी सेव्ह करा आणि रेकॉर्डिंग त्याच आठवड्यात हलगीवाल्यांसोबत बसून ऐका. लय कुठे ओढली गेली आणि कुठे उगाच थांबली, हे ते तुमच्याआधी सांगतील. ते मुद्दे लिहून घ्या आणि पुढच्या तालमीची सुरुवात तिथूनच करा.